उद्याच्या वाढदिवसांचे फोन

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या दैनिकाचे संपादकसाहेब. ज्यांच्या हस्ते आज पुष्पगुच्छ दिला जायचा आहे ते प्रमुख पाहुणे, आमचे पूर्वीचे व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी. पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊजी म्हणतो, आणि त्यांची लेक. संपादकीय, जाहिरात, वितरण आणि छपाई या चारही विभागांतले माझे सहकारी. आणि संध्याकाळची कामं बाजूला सारून इथवर आलेले आमचे वाचक हो, सर्वांना माझा नमस्कार.

व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी आहे, हे आपल्या लक्षात आलं असेलच. ज्यांचा हा निरोप समारंभ, त्या ताई सध्या खुर्चीत नाहीत. त्या येतील. अध्यक्षांनी मला कानात सांगितलंय की त्या येईपर्यंत तुम्ही बोलत राहा. माझ्या बाबतीत अशी सूचना आजवर कोणी केली नव्हती. आटोपतं घ्या, एवढंच मी ऐकत आलोय. तेव्हा आज सवय नसल्यामुळे थोडं इकडचं तिकडे होईल. माझी नजर अधूनमधून दाराकडे जाईल. ती आपल्यावर राग म्हणून जाते आहे असं मानू नये.

माझी ओळख निमंत्रणपत्रिकेत 'ज्येष्ठ पत्रकार' अशी छापली आहे. ती बरोबर नाही. मी पत्रकार नाही. मी या दैनिकात आलो तो अंकांचे गठ्ठे बांधायला. तळघरात जुन्या फायली होत्या, त्या वाचत वाचत वर आलो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. आपण रोज सकाळी आतल्या पानावर जे 'दिनविशेष' वाचता, ते मी लिहितो. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. छापखान्यातली मुलं मला तारीखराव म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

याच पत्रिकेत ताईंच्या नावापुढे 'टेलिफोन ऑपरेटर' असं आहे. तेही चूक. त्यांच्या नेमणूकपत्रात 'दूरध्वनी सहायक' असा हुद्दा आहे. मी हे पत्रिका छापायच्या आधी सांगितलं होतं. असो. आजचा दिवस तो नव्हे.

ताईंचं आणि माझं काम कुठे जुळतं, असं आपल्याला वाटेल. खालच्या दालनात, जिन्याला लागून, काचेच्या खोलीत त्या बसत. मी वर, कपाटांच्या मागे. पण माझ्या सदराची शेवटची ओळ त्या खोलीतून येत असे. त्या ओळीचा नियम मी आपल्याला सांगतो, कारण तो कळल्याशिवाय ही खुर्ची रिकामी का आहे ते कळणार नाही.

आमच्या सदरात तीन भाग असतात. वर घटना. मधे 'जन्म' आणि 'स्मृतिदिन'. आणि सगळ्यात खाली 'वाढदिवस'. 'जन्म' या भागात गेलेली माणसं येतात. 'वाढदिवस' या भागात असलेली. आणि ही असलेली माणसं सगळी या शहरातली असतात. नदीवरच्या पुलाचं बांधकाम पाहणारे अभियंते, पहिल्या बसचालक बाई, आपल्यापैकी अर्ध्या लोकांना या जगात आणणाऱ्या सुईणबाई. मोठी माणसं नव्हेत. म्हणजे आहेत, पण त्यांच्या असण्यानसण्याची बातमी आपल्याकडे आपोआप येत नाही. ती विचारावी लागते.

पूर्वी विचारत नसत. तेव्हा हे सदर माझ्याकडे नव्हतं, हे मी इथे स्पष्ट करतो. एका सकाळी आम्ही एका जलतरणपटूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या. दुपारी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. काचेच्या खिडकीशी उभा राहिला आणि ताईंना म्हणाला, "बाबांना तुमच्या शुभेच्छा मिळाल्या आहेत. पोचवायच्या कुठे तेवढं सांगा." वडील जाऊन त्याला चार महिने झाले होते.

ताईंनी त्याला आत बोलावून बसवलं, चहा दिला. तो गेल्यावर त्या जिना चढून संपादकीय विभागात आल्या. त्या कधी वर येत नसत. त्या म्हणाल्या, "उद्यापासून ज्यांची नावं छापायची, त्यांना आदल्या दिवशी मी फोन करीन. मी हो म्हटल्याशिवाय छापू नका." तेव्हाचे संपादक म्हणाले, "ताई, फोन करून विचारणार काय? जिवंत आहात का म्हणून?"

आता सांगा, काय विचारणार? मी बराच वाचणारा माणूस आहे, पण हा प्रश्न कसा विचारायचा ते मला कुठल्या फायलीत सापडलं नसतं. ताईंनी तो शोधला. त्या फोन लावून म्हणत, "नमस्कार, दैनिकातून बोलतेय. उद्याच्या अंकात तुमच्याकडच्या काकांचं नाव येतंय. नावाआधी काय लिहू, निवृत्त की माजी?"

बस, एवढंच. माणूस असेल तर घरात लगेच वाद सुरू होतो. निवृत्त कशाला, माजी लिहा. माजी काय, ते अजून जातात की शाळेत शिकवायला. मागून काकांचा स्वतःचा आवाज येतो, "कोण आहे गं? दे इकडे." आणि माणूस नसेल, तर पलीकडे एक थांबणं येतं. ताई म्हणत, त्या थांबण्याला आवाज असतो. मग त्या फोन ठेवत नसत. पलीकडून जे काही यायचं ते येऊ देत. इकडे इतर फोन खणखणत राहत, जाहिरात विभागवाले खिडकीवर टकटक करत. जाहिरात विभागवाले इथे बसले आहेत, त्यांना आठवत असेल. नंतर ताई मला वर फोन करून एवढंच म्हणत, "तारीखराव, अमुक नाव वर घ्या." म्हणजे वाढदिवसातून काढून जन्मात घ्या. मी घेत असे. मी कधी फोन केला नाही. मला फोनवर बोलता येत नाही. समोर कागद असला की मी बरा असतो.

हो, दिसलात. दाराशी आमचे पान लावणारे मित्र उभे आहेत. हाताने खूण करतायत. अजून नाही, थांबा जरा. आतलं पान सहाला छपाईला सुटतं, याची मला कल्पना आहे. हे मी त्यांना म्हणालो, आपल्याला नव्हे.

तर मी ताईंच्या स्वभावाविषयी बोलणार होतो. अध्यक्षमहोदय, मी तसं टिपणही काढून आणलं आहे. त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द आहे, 'हसतमुख' आहे. यातला हसतमुख खरा नाही. ताई कामात हसत नसत. मी खोडतो तो.

आपण कुजबुजता आहात. साहजिक आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छ हातात धरून बसावं लागतंय आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. अध्यक्षांनी मला सांगितलं होतं की, 'काही कारणाने उशीर' एवढंच म्हणा. पण 'काही कारणाने' हे शब्द मी माझ्या सदरात कधी छापले नाहीत. काय घडलं ते सांगतो.

उद्याच्या वाढदिवसात एकच नाव आहे. जुन्या मैदानामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे गोलरक्षक. मागे बसलेल्या काही पांढऱ्या केसांच्या मंडळींनी माना वर केल्या, म्हणजे त्यांना आठवले. शहराच्या संघाला अंतिम सामना त्यांनी जिंकून दिला होता, शेवटचा फटका एका हाताने बाहेर काढून. त्यानंतर दोनच वर्षांत संघाने त्यांना काढलं. ताई दरवर्षी त्यांना विचारत, निवृत्त की माजी, आणि ते दरवर्षी त्यांना तेच ऐकवत. "निवृत्त म्हणजे आपण होऊन हातमोजे काढले. माजी म्हणजे दुसऱ्यांनी उतरवून घेतले. माझे उतरवून घेतले. तुम्ही माजीच लिहा, त्यांना वाचू दे." ताई म्हणत, "अहो काका, ज्यांनी उतरवले त्यांच्यातलं आता वाचायला कोण राहिलंय?" ते म्हणत, "मी आहे ना. मी वाचतो."

त्यांच्याकडे फोन दुसऱ्यांदा वाजत नाही. पहिल्या घंटीला उचलतात. त्याचा त्यांना अभिमान आहे. चेंडू आणि फोन, दोन्ही अंगावर येऊ द्यायचे नसतात, पुढे होऊन घ्यायचे, असं म्हणतात.

आज सकाळी ताईंनी फोन लावला. वाजत राहिला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. आज त्यांचा शेवटचा दिवस. खोलीत लोक भेटायला येत होते, फुलं आणत होते. त्या एका हाताने फुलं घेत होत्या आणि दुसरा हात फोनवर होता. मी खाली गेलो तर मला म्हणाल्या, "उचलत नाहीत हो." मी म्हटलं, बाहेर गेले असतील. त्या म्हणाल्या, "वाढदिवसाच्या आदल्या दिवशी? वर्षभर त्या फोनची वाट बघतात ते." अध्यक्ष तेवढ्यात तिथे आले. ते आपुलकीनेच म्हणाले, "ताई, आज तुमचा दिवस आहे. राहू द्या. ती ओळ उद्या गाळू."

मी इथे अध्यक्षांवर टीका करत नाही. ते माझा कोट ओढतायत, पण मी खरोखर टीका करत नाही. ओळ गाळणं हा कार्यालयाच्या दृष्टीने सरळ उपाय आहे. एक तारखेपासून ती ओळ कायमचीच जायची आहे. बाहेरून तयार मजकूर यायचा आहे, जगातल्या नामवंतांचा. त्यांना फोन करावा लागत नाही. ते गेले तर जगच कळवतं. ताईंच्या जागी माणूस नेमायचा नाही, त्यामुळे हेही ओघानेच आलं.

पाच वाजता आपण सगळे इथे जमलो. ताई या खुर्चीत येऊन बसल्या. सूत्रसंचालकांनी सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं. पाहुणे पुष्पगुच्छ घेऊन उठले. ताईही उठल्या. आणि आपण सर्वांनी पाहिलं, त्या पाहुण्यांच्या समोरून, माफ करा असं म्हणत, जिन्याकडे गेल्या. आपण टाळ्या वाजवल्या. आपल्याला वाटलं, गहिवरून आलं. त्या खाली जाऊन कार्यालयाची गाडी काढायला सांगत होत्या.

मैदान इथून लांब नाही. या वेळेला रस्त्यावर गर्दी असते एवढंच.

भाऊजी, आपण पाणी घ्या. ताईंना काही झालेलं नाही. त्या गाडीत आहेत आणि आमचा चालक सांभाळून चालवतो.

मी आपला वेळ घेतोय. तोवर उद्याच्या तारखेच्या घटना सांगू का? माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं काय असणार? उद्याच्या दिवशी आपला नदीवरचा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे फीत कापली गेली. एक वाचक मला दरवर्षी भेटून सांगतात की ही तारीख चूक आहे, कारण त्यांच्या मामांची दुधाची गाडी आदल्या दिवशीच पुलावरून गेली होती. पहारेकऱ्याला एक कॅन देऊन. मी चौकशी केली. मामा खरं बोलत होते. तेव्हापासून मी 'समारंभपूर्वक खुला' असं लिहितो. समारंभपूर्वक हा शब्द त्या दुधाच्या गाडीसाठी आहे, आणि मामा असेपर्यंत ताई त्यांनाही… आज आपण हसत नाही आहात. माझंही लक्ष नाही. मला क्षमा करा.

काय आहे? चिठ्ठी? द्या इकडे.

चालकाचा निरोप आहे. मी वाचून दाखवतो, यात लपवण्यासारखं काही नाही. "दार आतून बंद. हाकेला उत्तर नाही. खालचे शिंपी किल्ली शोधतायत. ताई जिन्यात."

बसा. कृपया बसा. आपण सगळे तिकडे गेलो तरी दार एकच आहे.

पान लावणारे मित्र मला पुन्हा खुणेने विचारतायत. त्यांचाही दोष नाही. त्यांचा प्रश्न दोन शब्दांचा आहे. वाढदिवस की जन्म. इतकी वर्षं हा प्रश्न मी कागदावर सोडवला. एका जागची ओळ उचलायची, दुसऱ्या जागी ठेवायची. आज पहिल्यांदा मी या प्रश्नासमोर उभा आहे आणि माझ्या हातातल्या कागदावर त्याचं उत्तर नाही.  

मला एक सांगा. आपल्यापैकी किती जणांना उद्या कोणी फोन करणार आहे? म्हणजे काही काम नसताना, आपण आहोत ना एवढं बघायला? मी स्वतःपुरतं उत्तर देतो. आमच्या सौभाग्यवती घरी असतात म्हणून ठीक. त्या माहेरी गेल्या, की माझ्याकडे फक्त दूधवाला येतो, आणि तोही पिशवी अडकवून जातो.

हा माझा फोन वाजतोय. एरवी तो खणात असतो. समारंभात फोन घेणं असभ्यपणाचं आहे हे मला कळतं. मी घेतो आहे.

हॅलो. ताई? बोला. मी माईकसमोर आहे. हो, सगळे आहेत. भाऊजीही आहेत. हळू बोला. काय? पुन्हा सांगा. कोण म्हणालं? ते स्वतः? हो. हो, लिहितो. तसंच लिहू? बरं. तुम्ही त्यांच्याबरोबर जा. इकडची काळजी नको. नाही, नाही, रागावलेलं कोणी नाही. ठेवतो. नाही, तुम्ही ठेवा.

ते आहेत.

टाळ्या जरा थांबवा, मला सगळं जसंच्या तसं सांगू द्या, नंतर माझ्याकडून शब्द इकडचे तिकडे होतील. किल्ली मिळाली नाही. शिंप्याने आणि आमच्या चालकाने दार खांद्याने उघडलं. काका न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. सकाळी पाय घसरला. कंबरेतून उठता येईना. शुद्धीवर आहेत, घसा कोरडा पडलाय, थंडी भरलीय. रुग्णवाहिका खाली आली आहे. डॉक्टरांनी अजून पाहिलेलं नाही, तेव्हा पुढचं मी काही सांगत नाही आणि आपणही गृहीत धरू नये.

पडल्या पडल्या त्यांना फोन ऐकू येत होता. ते ताईंना म्हणाले, "वाजत होता तोवर मला काही वाटलं नाही. म्हटलं, ही बाई सोडणार नाही. पाचला वाजायचा बंद झाला, तेव्हा घाबरलो. म्हटलं, यांनी आपल्याला वरच्या ओळीत टाकलं."

पाचला तो बंद झाला, कारण ताई इथे या खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

ताईंनी त्यांना तिथेच, जमिनीवर बसून विचारलं, निवृत्त की माजी. मला वाटतं विचारायचं म्हणून नव्हे, त्यांना बोलतं ठेवायला. ते म्हणाले, "काही नको. नुसतं गोलरक्षक लिहा. आज एक अडवलाय."

तेव्हा, दाराशी उभे असलेले माझे मित्र, घ्या लिहून. वाढदिवस. गोलरक्षक. आधी काही नाही. सहाला दहा कमी आहेत, जा तुम्ही. आणि वाचक हो, उद्या सकाळी ती ओळ आपल्या हाती पडेल तेव्हा ती खरी असेल की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. पान सुटताना ती खरी होती, एवढंच आमचं सदर कोणालाही सांगू शकतं. ही धाकधूक आम्हाला रोजची आहे. ती इतकी वर्षं एका काचेच्या खोलीत बसत होती, म्हणून वर मला ती जाणवत नव्हती.

अध्यक्षमहोदय, ताई आता येणार नाहीत. त्या रुग्णवाहिकेतून जातायत. पुष्पगुच्छ भाऊजींकडे द्यावा, त्यांच्या लेकीने तो दवाखान्यात न्यावा, असं मी सुचवतो. फुलं आज दोघांना पुरतील.

आणखी एक, अध्यक्षमहोदय. हे मी परवानगी मागून बोलत नाही, सांगून ठेवतो आहे. एक तारखेला तयार मजकूर यायचा असेल तर येऊ द्या. नामवंतांसाठी वर जागा आहे. शेवटची ओळ मात्र राहील. फोन मी करीन. मला फोनवर बोलता येत नाही, हे मी मघाशी सांगितलं. पण वाचायला तरी मला कोणी शिकवलं होतं? प्रश्न तयार आहे, तो मी कागदावर लिहून समोर ठेवीन.

सुरुवात उद्यापासून करायची, तर मी यादी पाहून आलो आहे. परवाच्या वाढदिवसात एक नाव आहे. आपलं, प्रमुख पाहुणे, व्यवस्थापकसाहेब. पत्रिकेत आपल्याला 'माजी' म्हटलंय, पण मी ते कोणाला विचारल्याशिवाय छापणार नाही. आपण मान हलवलीत, पण इथे समोर बसून मान हलवणं मी धरत नाही. नियम फोनचा आहे.

एका निरोपाच्या भाषणात मी सत्कारमूर्तीचं कौतुक कमी केलं, अध्यक्षांना माझा कोट ओढायला लावला, पाहुण्यांना फुलं धरून बसवून ठेवलं आणि भर सभेत फोन घेतला. यातलं जे जे आपल्याला खटकलं असेल ते माझ्या नावावर मांडून पोटात घालावं. ताईंच्या नावावर काही नको. इतका वेळ दाराकडे बघत माझ्यासोबत थांबलात, त्याबद्दल मी आपल्या प्रत्येकाचा आभारी आहे.

आणि व्यवस्थापकसाहेब, उद्या सकाळी फोन वाजेल. निवृत्त की माजी, ते रात्री ठरवून ठेवा. नाही ठरलं तरी हरकत नाही. उचला मात्र.